भातवडीची लढाई टेबलावर: वॉरगेमची पुरवणी मोबाईलवर कशी बनवायची?

टेबलटॉप वॉरगेम म्हणजे नकाशा, सोंगट्या आणि फासे घेऊन टेबलावर (नाहीतर सरळ फरशीवर) खेळायची लढाई. बुद्धिबळाचा लांबचा भाऊच म्हणा. फरक एवढाच, की बुद्धिबळात उंट तिरका का जातो हे कुणी विचारत नाही. वॉरगेममध्ये मात्र प्रत्येक नियमाला 'प्रत्यक्षात असं का व्हायचं?' याचं उत्तर द्यावं लागतं.

अशा खेळाचं मूळ नियमपुस्तक एकदा तयार झालं की त्यावर पुरवण्या निघतात. इंग्रजीत त्यांना सप्लिमेंट म्हणतात. मोबाईल गेम खेळणाऱ्यांना डीएलसी म्हटलं की लगेच कळेल. मूळ गेम तोच, पण मॅप नवा, फौजा नव्या आणि वर दोन-चार नवे नियम. गंमत म्हणजे मोबाईल गेमचं डीएलसी तुम्ही बनवू शकत नाही, कंपनीच बनवते. टेबलटॉपची पुरवणी मात्र कुणीही बनवू शकतो, आणि त्यासाठी लॅपटॉपच पाहिजे असंही नाही.

या लेखात अशी एक पुरवणी पायापासून कशी उभी करायची ते सांगतो. मी सुप्याचा, त्यामुळे विषय आपल्याच नगर जिल्ह्यातला घेतलाय: १६२४ सालची भातवडीची लढाई. नियमांचा सांगाडा मात्र घेतलाय प्राचीन ग्रीक लढायांच्या खेळातून. जोडी विचित्र वाटेल, पण का जमते ते पुढे येईलच.

हा खेळ आला कुठून?

थोडक्यात सांगतो. प्रशियात फॉन राइसविट्झ नावाच्या सरदाराने १८१२ साली राजाला टेबलावरच्या लढाईचा खेळ दाखवला. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे सुधारलेले नियम छापले आणि तिथल्या सैन्याने ते अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी उचलले. नकाशा, फासे, आणि मधे बसलेला पंच. एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' लिहून तोच प्रकार घरगुती केला. १९९० साली आलेल्या डीबीए या नियमसंचाने तर खेळ इतका आटोपशीर केला, की प्रत्येक बाजूला फक्त १२ तुकड्या आणि तासाभरात निकाल. डीबीएची मजल इ.स.पू. ३००० पासून इ.स. १५०० पर्यंत. म्हणजे ग्रीक त्यात अगदी मध्यभागी, आणि मलिक अंबर बाहेर.

भारतावरचे खेळ अगदीच नाहीत असं नाही. जीएमटी या अमेरिकी कंपनीने २०१९ मध्ये 'गांधी' आणि २०२४ मध्ये 'विजयनगर' हा खेळ काढला. दुसऱ्यात बहामनी सत्तेच्या बाजूने खेळता येतं. पण नगर-दौलताबादच्या परिसरातली एखादी लढाई आपल्या भाषेत खेळायची असेल, तर ती आपणच बनवायला हवी.

ग्रीक पुरवणीत नेमकं काय असतं?

समजा, अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धावर (इ.स.पू. ४३१ ते ४०४) पुरवणी आहे. त्यात फौजांच्या याद्या असतात, चार-पाच लढायांचे नकाशे असतात आणि 'विशेष नियम' नावाचं एखादं पान असतं. नवखा माणूस याद्या चाळतो. जाणता माणूस आधी विशेष नियमांचं पान उघडतो, कारण खरी पुरवणी तिथेच असते.

एक उदाहरण देतो. ग्रीक पायदळ ढालीला ढाल लावून रांगेत चालायचं. ढाल डाव्या हातात, त्यामुळे प्रत्येकाची उजवी बाजू शेजाऱ्याच्या ढालीने झाकलेली. मग प्रत्येक जण नकळत उजवीकडे, शेजाऱ्याच्या ढालीआड सरकायचा आणि चालता चालता अख्खी रांगच उजवीकडे वाहत जायची. थ्युसिडिडीझ या ग्रीक इतिहासकाराने मँटिनियाच्या लढाईच्या (इ.स.पू. ४१८) वर्णनात हे लिहून ठेवलंय. याचा नियम एका ओळीत होतो: 'फॅलँक्स पुढे सरकताना एक घर उजवीकडेही सरकतो.' बस. या एका ओळीने दोन्ही खेळाडूंना आपली डावी बाजू उघडी पडायची धास्ती लागते, म्हणजे नेमकी तीच, जी त्या सेनापतींना लागली होती.

आता दुसरं उदाहरण, आणि आपल्या कामाचं हेच आहे. इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिली बेटावर सिराक्यूज शहराला वेढा घालायला गेलेली अथेन्सची प्रचंड फौज हरली आणि पायी माघारी निघाली. समोरासमोर मोठी लढाई झालीच नाही. सिराक्यूजचे घोडेस्वार आणि भालाफेके दिवसभर कडेकडेने टोचत राहिले, वाटा अडवत राहिले. अन्न संपत आलेलं, पाणी नाही. शेवटी आसिनारस नदी दिसली तेव्हा तहानेने वेडे झालेले सैनिक रांग मोडून पाण्यात धावले आणि तिथेच कापले गेले. या माघारीवर नियम लिहिणाऱ्याला तलवारीची ताकद मोजून उपयोग नाही. त्याला भूक, तहान आणि रस्ता मोजावा लागतो.

आणि भातवडीला काय झालं?

नगर शहराच्या पूर्वेला साधारण पंधरा-सोळा किलोमीटरवर भातोडी पारगाव आहे. इतिहासाच्या पुस्तकातली भातवडी ती हीच. तिथे निजामशाहीच्या काळातला मोठा तलाव आहे. तो सलाबतखानाने बांधल्याचं सांगतात. हा तोच सलाबतखान, ज्याची डोंगरावरची कबर आपण सगळे 'चांदबिबीचा महाल' म्हणून ओळखतो.

१६२४ मध्ये निजामशाहीचा कारभार मलिक अंबरच्या हातात होता. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस दख्खनचा सगळ्यात चलाख सेनानी झाला होता. त्याच्यावर मोगल आणि विजापूरची आदिलशाही अशी दोन्ही सैन्यं मिळून चालून आली. मोगलांकडून लष्करखान, आदिलशाहीकडून मुल्ला मुहम्मद लारी. नगरचा किल्ला तेव्हा मोगलांच्या ताब्यात होता. मलिक अंबरच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी लढत होते, तर शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव त्या काळात मोगलांच्या चाकरीत होते. म्हणजे 'आपले विरुद्ध परके' असा सरळ हिशेब इथे लागत नाही. पुरवणीत तो लावूही नका.

मलिक अंबरकडे फौज कमी होती. त्याने भातवडीजवळ येऊन तलावाचा बांध फोडला. आधीच पावसाळी चिखल, त्यात हे पाणी. शत्रूच्या तोफा, गाड्या, जनावरं सगळं रुतलं. बारगीर रसद तोडू लागले आणि रात्री छावणीवर छापे पडू लागले. उपाशी सैनिक पळू लागले. सैन्य असं आतून पोखरलं गेल्यावर मग त्याने हल्ला केला. मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला, लष्करखान कैद झाला. निजामशाहीच्या बाजूने शरीफजी भोसले याच लढाईत पडले. त्यांची समाधी भातोडीला आहे.

आता सिसिली आणि भातवडी शेजारी ठेवून बघा. दोन हजार वर्षांचं अंतर आहे, पण टेबलावरचा प्रश्न एकच: मोठी फौज उपाशी कशी पाडायची, आणि उपाशी पडण्याआधी तिला बाहेर कसं काढायचं? म्हणून ग्रीक सांगाडा इथे चालतो.

सगळ्यात आधी: शोधताना नावं सांभाळा

गूगलवर 'भातवडी' टाकलं तर एक गोष्ट दिसते, 'भातोडी' टाकलं तर दुसरी. इंग्रजी पुस्तकांत स्पेलिंग आणखी वेगळं. तिन्ही प्रकारे शोधा. आमच्या सुप्याचंही तेच. शहाजीराजांच्या जहागिरीतलं 'पुणे-सुपे' म्हणजे बारामती तालुक्यातलं सुपे. पुणे-नगर रस्त्यावरचं, पारनेर तालुक्यातलं, एमआयडीसीवालं सुपा वेगळं. आमच्याकडची पोरंसुद्धा त्या जहागिरीचा फोटो स्टेटसला अभिमानाने टाकतात, तेव्हा मी गप्प बसतो.

चॅटबॉटला विचारायचं का? विचारा, पण नियमांची भाषा सोपी करून घ्यायला. 'भातवडीत कुणाचे किती घोडेस्वार होते?' असं विचाराल तर तो ठासून एक आकडा देईल, आणि उद्या दुसरा देईल. जुन्या काळच्या लेखकांनीही आपल्या बाजूची फौज कमी आणि समोरची जास्त सांगितलेली असते. म्हणून मी आकडे घेतच नाही, प्रमाण घेतो. एकत्र फौज मोठी होती, हे पक्कं. मग तिला १२ तुकड्या, मलिक अंबरला ८. एक तुकडी म्हणजे किती माणसं हे लिहायचंच नाही. खेळाला त्याची गरज पडत नाही.

नकाशा

गूगल अर्थ किंवा मॅप्स उघडा, सॅटेलाइट दृश्य लावा, भातोडीचा तलाव शोधा. बोट दाबून धरलं की पिन पडते. तिच्या खालच्या पर्यायांत अंतर मोजायची सोय असते. नगरच्या किल्ल्यापासून तलावापर्यंत मोजा. एक षटकोन म्हणजे एक किलोमीटर धरला की किल्ला ते तलाव १६ घरं होतात. षटकोन १.८ सेंटिमीटर रुंद ठेवला तर ए-३ कागदाच्या ४२ सेंटिमीटरमध्ये २३ घरं बसतात. म्हणजे ए-४ चे दोन कागद चिकटवले की काम झालं.

चौकोन का नाही? चौकोनात तिरकं गेलं तर जास्त अंतर फुकटात मिळतं. षटकोनात सहाही दिशा सारख्याच लांब.

एक सूचना. गूगलचा स्क्रीनशॉट तसाच नकाशा म्हणून छापून वाटू नका, त्यांच्या अटी आड येतात. तो फक्त बघायला वापरा. छापायला ओपनस्ट्रीटमॅप घ्या. श्रेय दिलं की तो वापरता येतो. किंवा आयबिस पेंटसारख्या अ‍ॅपमध्ये खाली तो थर ठेवून वरच्या थरावर नदी, तलाव, टेकड्या बोटाने गिरवा आणि खालचा थर काढून टाका. हायवे, रेल्वे, कालवे सोडून द्या. आज दिसणारा तलावही १६२४ चा जसाच्या तसा नाही, इंग्रजांच्या काळात त्याची दुरुस्ती झाली आहे. म्हणून काठाची रेघ बारकाईने ओढण्यात अर्थ नाही. बांध कुठे आणि पाणी कोणत्या बाजूला उतरणार, एवढं नीट दाखवा.

रसदीचं गणित

या पुरवणीचा जीव इथे आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

खेळ १० दिवसांचा. प्रत्येक पाळीत एक दिवस आणि एक रात्र. एकत्र फौजेच्या १२ तुकड्या चार-चारच्या तीन गटांत असतात, आणि रोज रात्री प्रत्येक गट रसदीचा एक दाणा खातो. म्हणजे रोजचे ३ दाणे. सुरुवातीला छावणीत १२ दाणे, म्हणजे चार रात्रींची सोय.

पहिल्या दिवसापासून रोज सकाळी नगरहून रसदीचा एक तांडा निघतो. त्याच्याकडे ४ दाणे. कोरड्या रस्त्यावर तो दिवसाला ४ घरं चालतो. १६ घरं, म्हणजे पहिला तांडा चौथ्या दिवशी संध्याकाळी पोचतो. त्यानंतर रोज एक. रोज ४ येणार, ३ खर्च होणार. सगळं ठीक चाललंय.

आता मलिक अंबर बांध फोडतो. तलावाजवळची ६ घरं चिखलाची होतात आणि तिथे चाल निम्मी, दिवसाला २ घरं. पहिला तांडा आता चौथ्या नाही, सहाव्या दिवशी पोचतो. छावणीतले १२ दाणे चौथ्या रात्री संपलेत. पाचवी रात्र उपाशी.

बघा, एकही तलवार चालली नाही. त्यात बारगीरांनी एखादा तांडा वाटेत गाठला, तर आणखी एक रात्र गेली. जो गट उपाशी झोपतो तो एक फासा टाकतो. १ किंवा २ पडले तर त्याची एक तुकडी रात्रीत पळून जाते. तीन गट उपाशी असतील तर त्या रात्री निदान एक तुकडी जाण्याची शक्यता २७ पैकी १९, म्हणजे सुमारे ७० टक्के.

दाण्यांसाठी चवळी किंवा राजमा वापरा. शेंगदाणे वापरू नका. खेळणारेच रसद संपवतात.

लढाईचे फासे

डीबीएसारख्या खेळांत दोन्ही बाजू एकेक फासा टाकतात, त्यात आपापल्या तुकडीचं बळ मिळवतात आणि ज्याची बेरीज मोठी तो जिंकतो. बळ सारखं असेल तर जिंकायची शक्यता दोघांना ४१.७ टक्के, उरलेले १६.७ टक्के बरोबरी. एका बाजूला १ जास्त दिला की तिची शक्यता ५८.३ टक्के होते. २ जास्त दिले तर ७२.२ टक्के, आणि समोरच्याला राहतात फक्त १६.७. म्हणजे कागदावर दिसणारा '+२' हा केवढा मोठा आकडा आहे ते लक्षात घ्या. नवीन माणूस आवडत्या सरदाराला थेट +४ देऊन मोकळा होतो आणि मग डावात दम राहत नाही.

मोगल-आदिलशाही भारी स्वारांना उघड्यावर बळ ४, बारगीरांना २. म्हणजे समोरासमोर बारगीर सहातून एकदाच जिंकणार. म्हणून त्यांना 'निसटणे' द्यायचं: शत्रू अंगावर आला तर फासे टाकायच्या आधी बारगीर दोन घरं मागे जाऊ शकतात. चिखलात मात्र कुणालाच निसटता येत नाही, बारगीरांनाही नाही. रात्री छावणीत झोपलेल्या स्वारांचं बळ २ वर येतं, म्हणजे बरोबरीचा सामना. रात्रीचा छापा जिंकला तर तुकडी मरत नाही, रसदीचे दोन दाणे जळतात. हरला तर बारगीरांची तुकडी जाते. उपाशी तुकडीचं बळ दिवसाही १ ने कमी.

हुकूम द्यायलाही फासा आहे. पाळीच्या सुरुवातीला जेवढे पडतील तेवढ्याच तुकड्या हलवता येतात. मलिक अंबर एक फासा टाकतो आणि आठातल्या कोणत्याही तुकड्या हलवतो. समोर मात्र दोन सेनापती. लष्करखानाचा फासा फक्त मोगल तुकड्यांना, मुल्ला मुहम्मदचा फक्त आदिलशाही तुकड्यांना. एकाला ६ आणि दुसऱ्याला १ पडला तर अर्धी फौज चालते आणि अर्धी उभी राहते. दोघांत एकोपा किती होता यावर लांबलचक परिच्छेद लिहिण्यापेक्षा हे बरं.

बांध कधी फोडायचा?

खेळ इथे ठरतो. मलिक अंबर खेळणारा आदल्या रात्री चिठ्ठीवर दिवस लिहून उलटी ठेवतो. लवकर फोडला तर पहिलाच तांडा अडकतो, पण शत्रू अजून नगरच्या जवळ असतो, वळून परत जाऊ शकतो. उशिरा फोडला तर शत्रू चिखलात पुरता आत असतो, पण तोवर एक-दोन तांडे पोचलेले असतात. शिवाय पाणी सोडल्यावर चिखल दोघांनाही सारखाच. त्याच्या स्वतःच्या तुकड्याही त्या सहा घरांत अडकतात, आणि फुटलेला बांध परत बांधता येत नाही.

एकत्र फौजेपुढेही पेच आहेच: छावणी हलवून पुढे जायचं, की रस्त्यालगत राहून तांड्यांची वाट बघायची? दहाव्या दिवसाअखेर त्यांच्या ८ तुकड्या शिल्लक असतील किंवा त्यांनी अंबरची छावणी घेतली तर ते जिंकले. ५ किंवा कमी उरल्या तर मलिक अंबर. मधला आकडा, म्हणजे ६ किंवा ७, आला तर अनिर्णित. काही जणांना अनिर्णित आवडत नाही, मला आवडतं.

शरीफजींचं काय करायचं?

यावर आमच्या खोलीत सगळ्यात जास्त वाद झाला. शिफ्टहून येऊन खेळणारे दोघं म्हणत होते, इतिहासात ते पडले, मग खेळातही ठरलेल्या दिवशी त्यांची सोंगटी उचलायची. तिसरा म्हणत होता, मग त्यांना पुढे कोण नेईल? मुद्दा बरोबर आहे. मृत्यू ठरलेला असेल तर खेळणारा त्यांना सरळ मागे ठेवतो, आणि नको तेच होतं.

म्हणून नियम असा केलाय. सरदाराची सोंगटी तुकडीबरोबर असेल तर बळात १ वाढतो. पण त्या लढाईत समोरच्याच्या फाशावर ६ पडला आणि तो जिंकला, तर सरदार पडतो. हा नियम शहाजीराजे, शरीफजी, लष्करखान, मुल्ला मुहम्मद सगळ्यांना एकच. सरदार पाडल्याचे वेगळे गुण नाहीत. पुस्तिकेत शरीफजींच्या नावाखाली दोन ओळी: ते या लढाईत पडले, समाधी भातोडीला आहे. ज्या गावात माणसं त्या समाधीला हात जोडतात, त्या गावातही ही पुस्तिका कुणीतरी उघडेल, हे धरूनच लिहा. सोंगटीवर कवटीचं चित्र वगैरे प्रकार नकोत.

फोनवर तपासणी

दहा डाव खेळायला दहा संध्याकाळी लागतात. फाशांपुरती तपासणी गूगल शीट्समध्ये पाच मिनिटांत होते. पहिल्या रकान्यात 'रँडबिटवीन' हे सूत्र १ ते ६ साठी टाका, दुसऱ्या रकान्यात तेच. तिसऱ्या रकान्यात पहिला अधिक २ हा दुसऱ्यापेक्षा मोठा आहे का ते विचारा. ही ओळ खाली ५०० वेळा ओढा आणि 'काउंटइफ' ने मोजा. उत्तर ७२ टक्क्यांच्या आसपास येईल, दर वेळी थोडं वेगळं. मग बळाचे आकडे बदलून बघा. बदलताना एका वेळी एकच आकडा बदलायचा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

पण शीट्सला रसदीची धास्ती कळत नाही. त्यासाठी माणसंच बसवावी लागतात, आणि आपण शेजारी बसून तोंड बंद ठेवायचं. पुस्तिका देऊन नुसतं बघा, ते कुठे अडखळतात, कुठे मागचं पान उलटतात. तिथली वाक्यं परत लिहायची. समोर माणूस नसेल तर प्लेइंगकार्ड्स डॉट आयओ ही साइट फोनच्या ब्राउझरमध्ये चालते. नकाशा आणि सोंगट्यांची चित्रं टाकून दूरच्या मित्राबरोबर डाव मांडता येतो.

छपाई, हक्क आणि वाटप

सोंगट्यांसाठी जुन्या लग्नपत्रिका उत्तम. कागद जाड असतो आणि घरात कधी कमी पडत नाहीत. नकाशा झेरॉक्सच्या दुकानात काळा-पांढरा काढा आणि चिखलाची सहा घरं पेन्सिलने रंगवा. म्हणजे बांध फुटेपर्यंत खोडायची सोय राहते.

पुस्तिका कॅनव्हामध्ये होते. मराठीसाठी 'मुक्त' किंवा 'बलू' हे फुकट फॉन्ट घ्या. काही अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं फुटतात, म्हणून पीडीएफ काढल्यावर 'शक्यता', 'छावण्या' हे शब्द दुसऱ्या फोनवर उघडून तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबला जातो, षटकोनांच्या रेघा पुसट होतात आणि मोजमापही बिघडतं.

हक्कांबद्दल नीट समजून घ्या. भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलंय की नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्यावर असतो. 'दोघांनी फासा टाकायचा, बळ मिळवायचं' ही कल्पना कुणाची मालमत्ता नाही. पण दुसऱ्याच्या पुस्तकातली वाक्यं, तक्ते, चित्रं उचलता येत नाहीत. नियम स्वतःच्या शब्दांत लिहा. मलिक अंबरचं त्याच्या काळातलं चित्र मुखपृष्ठावर हवं असेल, तर मूळ चित्र जुनं असलं तरी संग्रहालयाने काढलेल्या फोटोच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या आधी वाचा. आणि तुमची पुस्तिका लोकांनी सुधारावी असं वाटत असेल, तर शेवटच्या पानावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लिहून टाका.

आवृत्तीचा क्रमांक विसरू नका. मुखपृष्ठावरच '०.३' असं काहीतरी हवं. नाहीतर एकाच ग्रुपमध्ये तीन वेगळ्या पीडीएफ फिरतात आणि डाव अर्ध्यावर आल्यावर कळतं, की एकाच्या पुस्तिकेत निसटणे दोन घरं आहे आणि दुसऱ्याच्यात तीन.

हाच सांगाडा जिल्ह्यातल्या दुसऱ्या लढाईला लावायचा असेल तर जामखेड तालुक्यातलं खर्डा घ्या. मार्च १७९५, मराठे विरुद्ध निजाम. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला आणि तिथे पाण्याची टंचाई पडली. बांधाचा नियम काढायचा, रसदीच्या जागी पाणी ठेवायचं, आणि तांडा बाहेरून येण्याऐवजी किल्ल्यातला साठा रोज कमी होत जाईल असं करायचं. निसटणे मात्र तसंच राहू द्या.